स्टेरॉइड संप्रेरके घडवणारी विकरे आणि त्यांना रोखणारी औषधे: नेमकेपणा कुठून येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने अरोमाटेज या विकराच्या (एन्झाइमच्या) स्फटिकरचनेत संगणकावर चाळीस रेणू बसवून पाहिले आणि त्यांतल्या सहांना लेट्रोझोल या अरोमाटेज रोखणाऱ्या, स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधापेक्षा चांगले गुण मिळाले. तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. शरीरातली स्टेरॉइड संप्रेरके एकमेकांसारखी दिसत असताना एकच विकर रोखणारे आणि शेजारच्या विकरांना धक्का न लावणारे औषध कसे घडवतात? असा रेणू स्वतः स्टेरॉइडसारखा असावा की नसावा? आणि या सहा रेणूंचे आता पुढे काय करावे?

या विकरांवर मी सत्तावीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. गाभा आधीच सांगतो. औषधाचा नेमकेपणा अर्धा विकराच्या खाचेतून येतो आणि अर्धा ते विकर संप्रेरकांच्या साखळीत कुठे बसले आहे यातून येतो. पहिला भाग संगणकाच्या पडद्यावर थोडाफार दिसतो. दुसरा तिथे मुळीच दिसत नाही, आणि माझ्या पाहण्यातल्या चांगल्या चांगल्या रेणूंचा घात बहुतेक वेळा या दुसऱ्या भागानेच केला.

साखळी अशी आहे. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन असतात. मायटोकॉन्ड्रियातले सीवायपी११ए१ हे विकर त्याची बाजूची शेपटी कापते, सहा कार्बन गळतात आणि २१ कार्बनांचे प्रेग्नेनोलोन उरते. तिथून वाटा फुटतात. सीवायपी१७ए१ने १७व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवला की कॉर्टिसॉलकडे जाणारी वाट मोकळी होते. त्याच विकराने आणखी पुढे जाऊन १७ आणि २० या कार्बनांमधला बंध तोडला की १९ कार्बनांची अँड्रोजेन्स तयार होतात. आणि अरोमाटेजने, म्हणजे सीवायपी१९ए१ने, त्यांतला आणखी एक कार्बन काढून पहिले कडे अरोमॅटिक केले की १८ कार्बनांचे इस्ट्रोजेन हाती येते. १७व्या कार्बनला कोणी हात लावलाच नाही, तर २१, ११ आणि १८ या कार्बनांवर काम होऊन शरीरात सोडियम धरून ठेवणारे अल्डोस्टेरोन बनते. चार कड्यांचा सांगाडा तोच राहतो. बदलतो तो एखादा हायड्रॉक्सिल, एखादा कीटोन, एखादा दुहेरी बंध. टेस्टोस्टेरोन आणि इस्ट्राडायोल यांच्यात फरक आहे तो एका कार्बनचा आणि एका कड्यातल्या दुहेरी बंधांचा, पण शरीराच्या दृष्टीने या दोन वेगळ्या भाषा आहेत.

हे रूपांतर करणारी पी४५० कुळातली विकरे माणसात सहाच आहेत. त्यांच्या जोडीला डीहायड्रोजनेजे आणि रिडक्टेजे असतात. सहाही पी४५० विकरांच्या पोटात तेच हीम, म्हणजे लोहाला मधोमध धरणारे कडे, आणि तोच लोहाचा अणू आहे. कॉर्टिसॉलची शेवटची पायरी सांभाळणारे सीवायपी११बी१ आणि अल्डोस्टेरोनची शेवटची पायरी सांभाळणारे सीवायपी११बी२ यांच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या ९३ टक्के सारख्या आहेत. एका भावाला अडवायचे आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचे, असे हे काम आहे.

आता साखळीतल्या जागेबद्दल. शेतात दारे धरणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही की, पाट मध्येच बुजवला म्हणून पाणी थांबत नाही. ते मागे तुंबते आणि वाट मिळेल तिकडे फुटते. आपल्या शरीरात याच्यावर आणखी एक गोष्ट घडते. कॉर्टिसॉल कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एसीटीएच वाढवते, म्हणजे वरून आणखी पाणी सोडते. त्यामुळे मधली पायरी अडवणाऱ्या औषधाचा खरा परिणाम हा अडलेले संप्रेरक, तुंबलेले पूर्ववर्ती रेणू आणि पिट्यूटरीची प्रतिक्रिया या तिन्हींची बेरीज असतो. साखळीच्या टोकाला बसलेले विकर त्या मानाने सोयीचे. अरोमाटेज आणि ५-अल्फा-रिडक्टेज ही दोन्ही टोकाला आहेत, आणि स्टेरॉइड विकरांवरची सर्वाधिक खपाची औषधे याच दोघांवर निघाली, याचे कारण मला तरी प्रामुख्याने हेच वाटते.

हा धडा अमिनोग्लुटेथिमाइडने शिकवला. १९६०मध्ये अमेरिकेत ते अपस्मारावरचे औषध म्हणून आले. रुग्णांच्या, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी मंदावतात असे लक्षात आल्यावर १९६६मध्ये ते परत घेतले गेले, कारण ते सीवायपी११ए१ला, म्हणजे साखळीच्या मुखालाच, अडवत होते. नंतर ते अरोमाटेजलाही अडवते असे कळले आणि स्तनाच्या कर्करोगात हायड्रोकॉर्टिसोनच्या जोडीने त्याचा वापर सुरू झाला. उपयोग होत होता, पण गुंगी, पुरळ आणि वरून स्टेरॉइड देण्याची सक्ती असा सगळा लवाजमा होता. अरोमाटेजलाच धरणारा रेणू मिळाला तर हे टळेल, हे अँजेला ब्रोडी यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत ओळखले. हॅरी ब्रोडी हे रसायनशास्त्रज्ञ, त्यांचे पती. दोघांनी मिळून ४-हायड्रॉक्सीअँड्रोस्टीनडायोनवर काम केले आणि पुढे ते फॉर्मेस्टेन या नावाने स्नायूत टोचायचे औषध झाले. विकर ज्यावर काम करते त्या नैसर्गिक रेणूवर, म्हणजे सबस्ट्रेटवर (इथे अँड्रोस्टीनडायोनवर), एक हायड्रॉक्सिल गट चढवला, एवढाच त्या रेणूतला बदल.

मी या कामाला लागलो तेव्हा शुद्ध अरोमाटेज बाटलीत मिळत नसे. प्रसूतिगृहातून, बाळंतिणीच्या संमतीने, वार बर्फाच्या पेटीत यायची. नाळ आणि पापुद्रे काढून टाकायचे, गार सलाइनने रक्त जाईपर्यंत धुवायचे, बारीक करून अपकेंद्री यंत्रात फिरवायचे आणि वरचे पाणी पुन्हा १,००,००० जी इतक्या वेगाने तासभर फिरवायचे. नळीच्या तळाशी विटकरी रंगाचा, जेलीसारखा एक थर बसतो. त्यात अरोमाटेज असते. मग अँड्रोस्टीनडायोनच्या पहिल्या कार्बनवर ट्रिटियम बसवलेला नमुना त्याला खायला घालायचा. विकराने काम केले की तो ट्रिटियम पाण्यात उतरतो. उरलेले स्टेरॉइड कोळशाच्या भुकटीने शोषून घ्यायचे आणि पाण्याची किरणोत्सर्गिता मोजायची. पाण्यात किरणोत्सर्गिता जितकी कमी, तितका आपला रेणू समर्थ.

दुसरी चाचणी मला अजूनही जास्त आवडते, कारण तिच्यात रेणू लोहाला धरताना जवळजवळ डोळ्यांनी दिसतो. शुद्ध केलेल्या पी४५० विकराच्या द्रावणात सबस्ट्रेट घातला की हीमजवळचा पाण्याचा रेणू बाजूला होतो आणि शोषणाचे शिखर ४१७ नॅनोमीटरच्या आसपासून ३९४कडे सरकते. त्याऐवजी ज्याच्यातला नायट्रोजन थेट लोहाला जाऊन चिकटतो असा रेणू घातला, तर शिखर उलट दिशेला, ४२०च्या पलीकडे जाते. फरकाचा आलेख काढला की ४३०च्या आसपास डोंगर आणि ३९० ते ४१०च्या दरम्यान दरी दिसते. आमच्या एका इमिडाझोल (दोन नायट्रोजनांचे कडे असलेल्या) रेणूने असा सुरेख डोंगर दाखवला तेव्हा आम्ही सगळे फार आनंदलो होतो. पुढच्या महिन्यात तोच रेणू अधिवृक्काच्या पेशींवर घातला, तर तितक्याच मात्रेत कॉर्टिसॉलही खाली आले. त्या रेणूवर दोन वर्षे गेली होती. तो सोडून द्यावा लागला.

कारण स्पष्ट होते. लोह सगळ्या पी४५० विकरांत तेच, आणि इमिडाझोलचा नायट्रोजन त्याला इतक्या जोरात धरतो की बाकीचा रेणू खाचेत जेमतेम बसला तरी चालते. ट्रायाझोलची, म्हणजे तीन नायट्रोजनांच्या कड्याची, पकड त्या मानाने सैल असते. ऐकायला हा तोटा वाटतो, पण नेमकेपणासाठी हाच फायदा आहे, कारण मग बाकीचा रेणू खाचेत नीट बसला तरच औषध टिकते आणि जिथे तो बसत नाही तिथून निसटते. अनास्ट्रोझोल आणि लेट्रोझोल ही अरोमाटेजवरची दोन्ही औषधे ट्रायाझोल आहेत, हा योगायोग नाही.

याच संदर्भात फॅड्रोझोलची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते. लेट्रोझोलच्या आधीचा हा इमिडाझोल रेणू अरोमाटेजला उत्तम अडवत होता, पण मात्रा वाढवली की अल्डोस्टेरोनलाही धक्का लागत होता. पुढे लक्षात आले की, त्याच्या दोन आरशातल्या प्रतिमांपैकी एक मुख्यतः अल्डोस्टेरोनचे विकर अडवते. तेव्हा त्या दोषालाच हाताशी धरून, थोड्या बदलाने, रक्तदाबासाठी अल्डोस्टेरोन कमी करणारा एक रेणू घडवला गेला. रक्तदाबाच्या चाचण्यांत असे दिसले की, एसीटीएच दिल्यावर कॉर्टिसॉल जितके वाढायला हवे तितके वाढत नाही. म्हणजे ९३ टक्के सारखा असलेला भाऊही अडवला जात होता. रक्तदाबाचे औषध म्हणून तो रेणू मागे पडला. पण कॉर्टिसॉल अति वाढणाऱ्या कुशिंग आजारात ते कमी करणे हेच तर हवे असते, आणि २०२०मध्ये तोच रेणू ऑसिलोड्रोस्टॅट या नावाने त्या आजारासाठी मान्य झाला. एका सांगाड्याने तीन विकरांची दारे ठोठावली आणि तिसरे उघडले. अल्डोस्टेरोनचे विकर वेगळे काढण्याचे मूळ काम नंतर बॅक्सड्रोस्टॅटने बरेचसे साधले; उपचारांना दाद न देणाऱ्या रक्तदाबावरचे त्याचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात कॉर्टिसॉल खाली आले नव्हते.

आता स्टेरॉइड की बिगर-स्टेरॉइड, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. अरोमाटेज रोखणारे एक्झेमेस्टेन हे औषध स्टेरॉइड आहे. अरोमाटेज त्याला आपला नेहमीचा सबस्ट्रेट समजून आत घेते, त्यावर काम सुरू करते आणि त्यातून तयार झालेला क्रियाशील रेणू विकरालाच कायमचा जखडून टाकतो. नवे विकर घडेपर्यंत त्या जागेवर काम बंद. नेमकेपणा इथे फुकट मिळतो, कारण खाच त्याच आकाराची आहे. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. स्टेरॉइडसारखा रेणू स्टेरॉइडांच्या ग्राहींनाही, म्हणजे पेशीत संप्रेरकाला ओळखणाऱ्या प्रथिनांनाही (रिसेप्टर), ओळखीचा वाटतो. एक्झेमेस्टेनचा शरीरात तयार होणारा एक उपरेणू थोडा अँड्रोजेनसारखा वागतो. शिवाय प्रतिपिंडांवर चालणाऱ्या इस्ट्राडायोलच्या चाचण्या अशा रेणूंनी फसतात आणि आकडा खोटाच जास्त दाखवतात. लेट्रोझोल आणि अनास्ट्रोझोल यांना हा त्रास नाही, पण त्यांच्यातला लोह धरणारा नायट्रोजन यकृतातल्या पी४५० विकरांकडेही पाहत असतो, हे तपासावेच लागते. रोजच्या मात्रा पाहा: अनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम, लेट्रोझोल २.५ आणि एक्झेमेस्टेन २५. तिन्ही अमेरिकेत १९९५ ते १९९९ या काळात मान्य झाली आणि तिन्ही आजही वापरात आहेत. तेव्हा यांत एक बरोबर आणि दुसरे चूक असे उत्तर नाही.

ज्या स्फटिकरचनेत तुम्ही रेणू बसवले, तिच्यामागचे कष्टही जाणून घ्या. अमेरिकेतल्या बफेलो शहरात देबाशिष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००९मध्ये प्रसिद्ध केली, आणि विकर घेतले होते मानवी वारेतूनच. २.९ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने तिने दाखवले की, अँड्रोस्टीनडायोन आत अगदी घट्ट बसते; खाचेचे आकारमान ४०० घन अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त नाही, आणि जो कार्बन काढायचा तो लोहापासून सुमारे ४ अँगस्ट्रॉमवर आहे. एका टोकाच्या कीटोनला ३०९ क्रमांकाचे अस्पार्टिक आम्ल धरते, दुसऱ्या टोकाला ३७४ क्रमांकाच्या मेथिओनिनजवळचा साखळीचा कणा. हे वाचल्यावर तुमच्या सहा रेणूंपैकी जे लेट्रोझोलपेक्षा बरेच मोठे असतील त्यांच्याकडे जरा संशयाने पाहा. संगणक मोठ्या रेणूला जास्त गुण देतो; ४०० घन अँगस्ट्रॉमची खाच देत नाही.

टोकाच्या विकरालाही शरीराची प्रतिक्रिया चुकत नाही, याचे उत्तम उदाहरण लेट्रोझोलच आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबी, स्नायू आणि स्तनाच्या ऊतींत, अधिवृक्कातून आलेल्या अँड्रोस्टीनडायोनपासून बनते. तिथे अरोमाटेज अडवले की इस्ट्रोजेन जवळजवळ नाहीसे होते. पाळी चालू असलेल्या स्त्रीत मात्र इस्ट्रोजेन घटले की पिट्यूटरी एफएसएच हे अंडाशयाला चेतवणारे संप्रेरक वाढवते, अंडाशय जोमाने कामाला लागतात आणि औषधावर मात करतात. म्हणून त्या वयात कर्करोगासाठी हे औषध एकटे देत नाहीत, अंडाशयांचे काम थांबवूनच देतात. आणि हीच प्रतिक्रिया पाच दिवसांच्या छोट्या मात्रेने मुद्दाम जागी केली, तर अंडे पिकते. पीसीओएस (अंडाशयाचा पाळी अनियमित करणारा विकार) असलेल्या ७५० स्त्रियांवरच्या, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत लेट्रोझोलने २७.५ टक्के, तर क्लोमिफेन या जुन्या औषधाने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. आपल्याकडे या उपयोगावर २०११मध्ये बंदी आली होती आणि ती २०१७मध्ये उठली. मधल्या काळात वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या किती जोडप्यांना हा साधा, स्वस्त पर्याय मिळाला नाही, याचे मला वाईट वाटते.

साखळीच्या मधोमध हात घालायचा झाला तर काय होते, हे ॲबिरॅटेरोन या प्रोस्टेट कर्करोगावरच्या औषधाने दाखवले. प्रोस्टेटचा कर्करोग अँड्रोजेनवर पोसतो. वृषणांचे काम थांबवले तरी अधिवृक्क आणि खुद्द गाठ थोडे थोडे अँड्रोजेन बनवत राहतात, आणि त्या सगळ्यांची वाट सीवायपी१७ए१मधून जाते. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल जार्मन आणि सहकाऱ्यांनी प्रेग्नेनोलोनसारख्या सांगाड्याच्या १७व्या कार्बनवर पिरिडिनचे कडे बसवले, असे की त्याचा नायट्रोजन बरोबर लोहावर यावा. म्हणजे इथे दोन्ही युक्त्या एकत्र आल्या: बसायला स्टेरॉइड आणि धरायला नायट्रोजन. २०१२मध्ये नताशा डेव्होर आणि एमिली स्कॉट यांनी या विकराची रचना सोडवली तेव्हा दिसले की, रेणू हीमच्या प्रतलाशी सुमारे ६० अंशांचा कोन करून उभा आहे, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाचा हायड्रॉक्सिल २०२ क्रमांकाच्या अस्पॅराजिनला धरून आहे. इतर स्टेरॉइड पी४५० विकरांवरून अंदाज बांधणाऱ्यांनी सबस्ट्रेट आडवा बसतो असे धरले होते. औषध मात्र त्याच्या वर्षभर आधीच, एप्रिल २०११मध्ये, मान्य झाले होते. केमोथेरपीनंतरच्या रुग्णांत त्याने सरासरी आयुर्मान, मध्यक आकड्यांत, १०.९ महिन्यांवरून १४.८ महिन्यांवर नेले होते.

आता पाट कुठे फुटला ते पाहा. १७-हायड्रॉक्सिलेशन थांबले, कॉर्टिसॉल घटले, एसीटीएच वाढले आणि सगळा ओघ १७व्या कार्बनला वगळून जाणाऱ्या वाटेने निघाला. डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरोन आणि कॉर्टिकोस्टेरोन साठले; रक्तदाब वाढला, पोटॅशियम घसरले, पायांवर सूज आली. जन्मतःच हे विकर नसलेल्या रुग्णांत नेमके हेच चित्र १९६०च्या दशकात वर्णिले गेले होते. म्हणूनच ॲबिरॅटेरोनबरोबर प्रेडनिसोन देतात. ते कर्करोगावरचे औषध म्हणून नाही, तर एसीटीएचला गप्प बसवण्यासाठी असते. एखादा रुग्ण किंवा त्याचा मुलगा स्टेरॉइड नको म्हणून ती गोळी परस्पर बंद करतो, तेव्हा काय होते हे मी डॉक्टर सहकाऱ्यांकडून ऐकले आहे, आणि म्हणून हे इथे मुद्दाम लिहितो.

फक्त बंध तोडण्याची दुसरी क्रिया अडवावी आणि हायड्रॉक्सिलेशन चालू ठेवावे, म्हणजे कॉर्टिसॉल वाचेल, असा विचार अनेकांनी केला. पण दोन्ही क्रिया एकाच खाचेत होतात. सायटोक्रोम बी५ हे सोबतचे प्रथिन दुसरीला बळ देते, एवढाच फरक. ऑर्टेरोनेल या रेणूने थोडी निवड दाखवली होती, तरी शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांत आयुर्मानात सिद्ध होईल असा फरक दिसला नाही आणि २०१४मध्ये प्रोस्टेट कर्करोगातले त्याचे काम थांबले.

ॲबिरॅटेरोनची आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार विलक्षण वाटते. ते स्वतः स्टेरॉइड असल्यामुळे शरीरातली स्टेरॉइड विकरे त्याच्यावरही काम करतात. क्लीव्हलँडमध्ये नीमा शरीफी यांच्या गटाने २०१५मध्ये दाखवले की, ३-बीटा-हायड्रॉक्सीस्टेरॉइड डीहायड्रोजनेज त्याचे असे रूपांतर करते की तयार झालेला रेणू आणखी विकरे अडवतो आणि अँड्रोजेनच्या ग्राहीलाही बंद करतो. पण पुढच्याच वर्षी असेही दाखवले की, ५-अल्फा-रिडक्टेजने त्याला आणखी एक पायरी पुढे नेले की तोच रेणू ग्राहीला चेतवू लागतो. तुम्ही स्टेरॉइड सांगाडा निवडणार असाल, तर रेणूचे काम सांगताना त्याच्या उपरेणूंचे कामही सांगावे लागेल. या औषधाची आणखी एक अडचण रोजच्या जेवणाची आहे: तेलकट जेवणाबरोबर ते घेतले तर रक्तातले प्रमाण दहापट वाढू शकते. म्हणून १००० मिलिग्रॅम रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात.

५-अल्फा-रिडक्टेजबद्दल थोडक्यातच लिहितो, पण ते वगळता येणार नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास या गावात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुषासारखी होत. त्यांच्यात टेस्टोस्टेरोनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोन करणारे हे विकर कमी आहे, असे जुलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४मध्ये दाखवले. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राहते आणि टक्कल पडत नाही, या निरीक्षणावरून मर्क कंपनीत फिनास्टेराइड घडले. १९९२मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटवर आणि १९९७मध्ये १ मिलिग्रॅमची टकलावर उपाय म्हणून मान्य झाली. यातली रसायनशास्त्राची गंमत अशी की, विकर फिनास्टेराइडलाही सबस्ट्रेट समजून क्षपित करायला जाते आणि त्या प्रयत्नात ते स्वतःच्या सहविकराशी, म्हणजे एनएडीपीशी, जोडले जाऊन आतच अडकते. रक्तातून औषध निम्मे व्हायला सुमारे सहा तास लागतात. विकराशी झालेली ही गाठ निम्मी सुटायला सुमारे तीस दिवस. केवळ रक्तातली पातळी पाहून मात्रा ठरवणाऱ्याला हे औषध कधीच कळणार नाही. ते घेणाऱ्यांत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीत रक्तात मोजले जाणारे प्रथिन, साधारण निम्मे होते, त्यामुळे चाचणीचा आकडा दुप्पट करून वाचावा लागतो. तपासणीच्या कागदावर आपण कोणती गोळी घेतो हे लिहायला लोक विसरतात.

शेजारच्या विकराला धक्का लागणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या बटव्यातही दिसते. गाणारे लोक आवाजासाठी ज्येष्ठमध चघळतात. त्यातल्या ग्लिसिरायझिनपासून पोटात जे आम्ल तयार होते, ते ११-बीटा-हायड्रॉक्सीस्टेरॉइड डीहायड्रोजनेज या विकराचा दुसरा प्रकार अडवते. मूत्रपिंडात हे विकर कॉर्टिसॉलला निष्प्रभ कॉर्टिसोनमध्ये बदलत असते, कारण अल्डोस्टेरोनच्या ग्राहीला कॉर्टिसॉलही तितकेच प्रिय आहे आणि रक्तात त्याचे प्रमाण कितीतरी पट जास्त असते. पहारेकरी हटला की कॉर्टिसॉल त्या ग्राहीवर चढून बसते, सोडियम धरून ठेवले जाते आणि पोटॅशियम वाहून जाते. अधूनमधून एखादी कांडी चघळण्याने काही होत नाही. महिनोन्‌महिने रोज भरपूर घेणाऱ्याचा रक्तदाब वाढतो. अल्डोस्टेरोन मात्र कमीच सापडते, आणि ज्येष्ठमधाबद्दल विचारले नाही तर निदान हुकते.

आता तुमचे सहा रेणू. सगळ्यांत आधी अँड्रोस्टीनडायोनच त्या रचनेतून काढून पुन्हा बसवा. ते मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत आले नाही, तर बाकीच्या गुणांना अर्थ नाही. नायट्रोजन आणि लोह यांचा बंध तुमची प्रणाली वेगळा मोजते की साध्या आकर्षणासारखा धरते, ते पाहा. बहुतेक प्रणाली तिथे कच्च्या असतात, त्यामुळे लेट्रोझोलपेक्षा अर्ध्या किलोकॅलरीने चांगला गुण हा गुण नव्हेच. ज्या रेणूत असममित कार्बन आहे त्याच्या दोन्ही प्रतिमा वेगवेगळ्या बसवा. फॅड्रोझोल विसरू नका. मग तेच रेणू सीवायपी१७ए१ आणि दोन्ही सीवायपी११बी विकरांच्या रचनांत बसवा. चारही ठिकाणी तितकेच चांगले बसणारे रेणू बाजूला ठेवा, त्यांचे गुण कितीही असोत.

उरलेल्यांसाठी, बनवण्याची सोय झाली तर, विकराच्या चाचणीनंतर लगेच एच२९५आर या मानवी अधिवृक्क गाठीच्या पेशी वापरा. या पेशींत जवळजवळ सगळी साखळी चालू असते, आणि ४८ तासांनी भोवतालच्या द्रवातले सगळे स्टेरॉइड एकदम मोजता येतात. फॉर्स्कोलिनने कॉर्टिसॉलची वाट चेतवा, अँजिओटेन्सिनने अल्डोस्टेरोनची. मोजणी वस्तुमान-पंक्तिमापकावरच (मास स्पेक्ट्रोमीटर) करा, प्रतिपिंडांच्या किटवर नको. तुमच्या सहांत एक जरी स्टेरॉइड असेल तरी किट दगा देईल. आणि फक्त इस्ट्राडायोल मोजून थांबू नका. प्रेग्नेनोलोन, डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरोन, ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल, कॉर्टिसॉल, अँड्रोस्टीनडायोन हे सगळे आकडे एका ओळीत मांडा. अरोमाटेजच अडले असेल तर इस्ट्राडायोल आणि इस्ट्रोन खाली जातील, अँड्रोस्टीनडायोन थोडे वर येईल आणि बाकी ओळ जागच्या जागी राहील. ११-डीऑक्सिकॉर्टिसॉल वर गेलेले दिसले, तर सीवायपी११बी१ अडले आहे असे समजा आणि त्या रेणूच्या नायट्रोजनाचे कडे बदलून पुन्हा सुरुवात करा.